ग्रोझदानचा हातमोजा

हस यासेन, हस. ग्रोझदानकाका सौदा करताना डावा हात पुढे करतो, उजव्या हातातला मोजा जेवतानाही काढत नाही, याची तुम्हा पोरांना मोठी गंमत वाटते. रालित्सा, शेगडीत एक लाकूड सरकव. आणि हातोड्या जरा हळू मारा. अक्रोड कुठं पळून जात नाहीत.

हा धंदा मी शाळेत नाही शिकलो, ग्रोझदानच्या शेजारी उभं राहून शिकलो. लोक पोत्याचं तोंड बघतात. तो तळातला अक्रोड काढून फोडायचा. मग पोतं टेकवलेल्या भिंतीला हात लावून बघायचा, ओल आहे का. एकदा एका पाद्र्याच्या अंगणात पांढरेशुभ्र अक्रोड वाळत घातलेले. मी खूश. हा मात्र कोंबड्यांकडे बघत उभा. कोंबड्या त्या चटईच्या जवळपासही फिरकत नव्हत्या. त्यानं एक अक्रोड हुंगला आणि म्हणाला, "पाद्रीबाबा, यांना बाप्तिस्मा दिलात वाटतं?" ब्लीचमध्ये धुतले होते. पाद्री दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही.

"रोजची वस्तू पहिल्यांदाच बघतोय अशी बघायची," ग्रोझदान म्हणायचा, "आणि आपल्या डोळ्यांनाही एकदा विचारायचं, नक्की का?"

तर २०१५ साल. नोव्हेंबरची सात तारीख, शनिवार. मृतांचा शनिवार. सकाळी आम्ही दोघंही आपापल्या माणसांच्या थडग्यांवर वाइन ओतून, उकडलेले गहू वाटून आलो होतो. त्या दिवशी कुणी खरेदीला जात नाही. पण सोफिया शहरातून माल न्यायला ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता आणि दोन पोती कमी पडत होती. ग्रोझदान म्हणाला, "गोर्ना लेस्काला जाऊन येतो. जेवायला थांब." पुढचं त्यानं मला त्याच रात्री सांगितलं. माझ्या पदरचं यात काही नाही.

तो पोचला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. अंधारून आलं होतं. गावातल्या शेवटच्या घरापाशी, फाटकातच, एक म्हातारी उभी. डोक्याला काळा रुमाल. मागे भिंतीला लावलेली दोन पोती.

"घेणार?"

"भाव काय, आजी?"

"तू म्हणशील तो."

ग्रोझदानला घाई. त्यानं तळातला अक्रोड काढलाच नाही. तिनं हात पुढे केला, त्यानं टाळी दिली. टाळी दिली की सौदा झाला, मग मागे फिरायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

हात गार होता. नोव्हेंबर आहे, त्यानं मनाशी म्हटलं.

मग तिनं ओसरीवरचा दिवा लावला.

आता तुमचे हात बघा. हिरवी साल सोलून कोळशासारखे झालेत. नाताळापर्यंत हे डाग कुठल्या साबणानं जायचे नाहीत. या डोंगरात ज्याच्या अंगणात अक्रोड, त्याचे हात नोव्हेंबरात काळे. तिचे पांढरे होते. नखांच्या कडासुद्धा पांढऱ्या.

"साल कुणी काढली, आजी?"

"मीच."

"एकटीनं?"

"इथं दुसरं कोण आहे?"

आणि मग त्याला एकेक दिसायला लागलं. सरपणाची रास नीट रचलेली, पण तिच्यावर वेल चढलेली. लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर शेवाळ. चिमणीतून धूर नाही. त्या घरात कित्येक हिवाळे विस्तव पेटला नव्हता.

"फार बघतोस," म्हातारी म्हणाली.

"धंदाच आहे तो."

"पाद्र्याकडेही असंच नाक खुपसलंस."

हे तिला कसं कळलं, ते विचारायच्या आधीच ती आत गेली आणि एक वाटी घेऊन आली. उकडलेले गहू. वर साखर.

"घे. आज नाही म्हणत नसतात."

खरंय. मृताच्या नावानं दिलेलं परत करत नाहीत. नाव विचारायचं, घास घ्यायचा, 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं.

"कुणाच्या नावानं?" त्यानं विचारलं.

"ग्रोझदानच्या."

...

त्यानं तिला नाव सांगितलं नव्हतं.

"कोण ग्रोझदान?"

"अक्रोडवाला."

चमचा त्याच्या हातात. गव्हांतून वाफ येत होती. चूल थंड. मग वाफ कुठली?

"कधी गेला तो?"

तिनं बोटानं वाटी त्याच्या तोंडाकडे लोटली.

"कशानं?"

"खा."

"पुरलाय कुठं?"

"खा म्हणते ना. टाळी दिलीयेस तू."

ग्रोझदान म्हणतो, तेवढ्यात त्याला धंदा आठवला, म्हणून वाचला. तो म्हणाला, "टाळी पोत्यांची दिली, आजी. गव्हांची नाही."

म्हातारीचा चेहरा बदलला. तिनं जसं पाहिलं तसं, तो म्हणतो, हाडवैऱ्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

"बघत राहा मग," ती म्हणाली. "मीही बघते."

त्यानं वाटी भिंतीवर ठेवली. पोती तिथंच सोडली. चालत गाडीकडे निघाला. पळाला नाही. मागे फाटक वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. तरी अगदी मानेपाशी...

त्यानं वळून पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

सातला तो माझ्या दारात. दोन्ही हात टेबलावर ठेवले, दिव्याखाली. डावा तुमच्या हातांसारखा, काळाकुट्ट. उजवा मनगटापर्यंत पांढरा. दोरी बांधून रंगवावा तशी रेघ. मी ओल्या साली ठेचून त्यावर चोळल्या. माझे हात कोपरापर्यंत माखले. त्याच्या हाताला डाग लागला नाही. आजवर लागलेला नाही.

काय, रालित्सा? ती कोण होती? मला नाही माहीत. गोर्ना लेस्काला आम्ही पुन्हा गेलो नाही, अक्रोड कितीही स्वस्त असोत.

पण परवा ग्रोझदान इथं आला होता ना, त्रोयानहून आलेल्या माणसाशी सौदा ठरला. भाव जमला. त्या माणसानं हात पुढे केला. ग्रोझदाननं केला नाही. नुसतं "झालं" म्हणाला आणि हात खिशात घातले.

त्याआधी मी बघून घेतलं होतं. डाव्या हातातही मोजा होता.