सातव्या प्रकरणातली अकरा मिनिटं

"पान एकशे बारावर तुम्ही चहा प्यायलात."

ती दचकलीच. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून फोनवर मैत्रिणीशी बोलणं नुकतंच संपलं होतं, आणि समोर एक उंच, किडकिडीत तरुण उभा. हातात पांढरी काठी, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"मी?"

"तुम्हीच. आवाजावरून ओळखलं. करार रद्द कधी होतो ते सांगता सांगता मध्येच फुर्र... मग 'आई गं, भाजलं!'... आणि मग पुन्हा करार."

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर शिकायला आलेली ती. सुट्टीच्या दिवशी खोली खायला उठते, म्हणून दर शनिवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात हौसेनं काम करायची. ज्यांना दिसत नाही त्या विद्यार्थ्यांसाठी, तळमजल्यावरच्या कपाटाएवढ्या खोलीत बसून, पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचायची. रेकॉर्डर सुरू करायचा आणि वाचत सुटायचं. बंद करायला मात्र ती हटकून विसरायची.

"काढून टाकायला सांगते मी," ती पुटपुटली.

"खबरदार! त्या रुक्ष पुस्तकात तेवढं एकच जिवंत माणूस भेटलंय मला."

त्या दिवसापासून कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेला तो झाला 'वकीलसाहेब', आणि ती 'चहाबाई'. चार वाजता वाचन संपवून ती वर यायची, तेव्हा तो पायरीवर हजर. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"आज दमलीस."

"तुला काय माहीत?"

"नुसतं 'चल' म्हणालीस. बरी असलीस की 'चला, वकीलसाहेब' म्हणतेस."

असं कुणी ऐकलं की माणूस काय करणार? ती प्रेमात पडली. खोटं कशाला बोला, अगदी सपशेल पडली. पण सांगायची वेळ आली की शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच बसायचे... आणि ती म्हणायची, "चहा घेणार?"

मग एका बुधवारी घरून फोन आला. बाबा गेले. सकाळी फिरून आले, खुर्चीत टेकले, ते टेकलेच. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईजवळ तीन आठवडे राहून ती परतली, वाचायला बसली, पुस्तक उघडलं... आणि एकही ओळ न वाचता मिटलं.

त्या शनिवारी पायरीवर ती त्याला म्हणाली, "फोटो आहेत रे ढीगभर. आवाज एकही नाही. दर शनिवारी मी वाचत असतानाच फोन करायचे, नेमका मध्येच. आणि मी बहुतेकदा म्हणायचे, बाबा, नंतर. काल मला 'जेवलीस का गं' आठवलं. शब्द आठवले... ते कसं म्हणायचे, तेच आठवेना."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं काठी उचलली. "मला... मला जायला हवं," म्हणाला आणि खरंच गेला.

ती बघतच राहिली. ज्याच्यासाठी वर्षभर घसा कोरडा केला, त्याला दोन शब्द बोलवू नयेत? आठवडाभर त्याचा फोन नाही. तिनंही केला नाही. पुढच्या शनिवारी ती गेली ती वाचनखोलीची किल्ली परत करायला. आता इथे तिचं कुणी नव्हतं.

खोलीत तो होता. दाढी वाढलेली, कानांवर हेडफोन. शेजारी ग्रंथपाल बाई.

"आलीस? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "आठवडाभर ह्यानं ना स्वतःला झोप लागू दिली, ना मला."

तो उभा राहिला. "आधी माझा गुन्हा ऐक. सातव्या प्रकरणात तुझा फोन वाजला होता. हातात पुस्तक, म्हणून तू तो स्पीकरवर टाकलास... आणि रेकॉर्डर बंद करायला विसरलीस. मी 'बोला बाबा' एवढंच ऐकलं आणि थांबवलं. न विचारता कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटलं गं. मग मीच बाईंना लिहून दिलं, सातव्यातला खासगी भाग काढून टाका. मीच! त्या दिवशी पायरीवर तू बोललीस, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. सापडेल की नाही ठाऊक नव्हतं. तुला खोटी आशा कशी लावणार?"

तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "मग?" एवढंच तिनं विचारलं.

"काढलेले तुकडे आम्ही लगेच पुसत नाही," बाई म्हणाल्या. "जुन्या संगणकात पडून असतात, बिननावाचे. साडेतीनशे होते. कुणाची शिंक, कुणाचं चुकलेलं वाक्य. ह्यानं एकेक लावला. काल संध्याकाळी 'बोला बाबा' आलं, तिथे थांबवलं आणि मला हाक मारली. पुढचं कुणीही ऐकलेलं नाही. अकरा मिनिटं आहेत." आणि नाक पुसत त्या बाहेर गेल्या.

तिनं हेडफोन लावले.

"जेवलीस का गं?"

तिनं तोंडावर हात दाबला. तोच आवाज. शेवटचा 'गं' किंचित लांबवलेला, आणि मागून तो खोकला. ते शेजाऱ्यांबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "आज कुणासाठी वाचतेयस?"

"एक वकीलसाहेब आहेत, त्यांच्यासाठी."

"अस्सं? मग आवाज का बदलला?"

"बाबा! तुमचं आपलं काहीतरीच."

"बरं, नाही विचारत. एकच सांग, ऐकून घेणारा आहे ना? बोलणारे पैशाला पासरी मिळतात."

"हो, बाबा... खूप. मला तो फार आवडतो. त्याला अजून सांगितलं नाहीये."

"सांग मग. उशीर करू नकोस. मी आहेच पाठीशी."

ती रडली, पोटभर रडली. तो शेजारी येऊन बसला. मग तिनं हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवले.

"तू दोनच शब्द ऐकलेस ना? आता पुढचं ऐक."

"नको. ते तुझं आहे."

"नवव्या मिनिटापासून तुझंही आहे. ऐक ना... मला तोंडानं नाही सांगता येत."

त्यानं ऐकलं. ती त्याचा चेहरा बघत होती. आधी भुवया वर गेल्या, मग ओठ थरथरले. संपल्यावर त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, घट्ट.

"पुन्हा लावतेस?" तो म्हणाला.

"खरं वाटत नाही?"

"वाटतं गं. पण मी माणसं आवाजावरून ओळखतो. तुझ्या बाबांची आणि माझी आज पहिलीच भेट आहे... नीट ओळख होऊ दे."

तिनं हेडफोनचा एक कान त्याला दिला, एक स्वतः घेतला आणि पहिल्यापासून लावलं.

"जेवलीस का गं?"

"हो, बाबा," ती म्हणाली.