सकाळी परकी होणारी शाल

"माझ्या बायकोची शाल कुणीतरी बदलली आहे," म्हातारे गृहस्थ खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. "पण फक्त सकाळपुरती. संध्याकाळी ती पुन्हा तिचीच असते."

कंपाउंडरांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि चोरून बाईंकडे पाहिलं. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात बाईंची हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घरातच लोकांची कोडी सोडवण्याचा उद्योग मांडला होता. कंपाउंडर दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून रिटायर झालेले. घरी वाट पाहणारं कुणी नाही म्हणून ते रोज इथे येऊन बसत, आणि बाई त्याला मदत म्हणत. आपल्या बुद्धीबद्दल कंपाउंडरांचा फारसा गैरसमज नव्हता, पण समोरचा माणूस भ्रमिष्ट आहे एवढं ओळखायला बुद्धी कशाला लागते, असं त्यांना वाटलं.

बाई मात्र पुढे सरकल्या. "अप्पा, पहिल्यापासून सांगा."

अप्पांनी सांगितलं. कचेरीत जन्मभर नकाशे रंगवलेला माणूस तो. बायको गेल्या हिवाळ्यात गेली. तिने स्वतः विणलेली वांगी रंगाची शाल तिच्या खुर्चीच्या पाठीवर तशीच राहिली, आणि बैठकीवर त्याच लोकरीची उशी. मग अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजेडाचा त्रास नको म्हणून खोलीचे जाड पडदे बरेच दिवस बंद होते. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी अप्पांनी पडदा सारला, तर शाल परकी. करडी, निळसर, मेलेली. संध्याकाळी पडदा लावून दिवा लावला, तर जशीच्या तशी.

नवा डोळा, नवे रंग, असं सगळ्यांनी समजावलं. अप्पा गप्प बसले नाहीत, आणि हळूहळू थोरल्या मुलाचा चेहरा काळजीने उतरू लागला. आता त्याने एका वृद्धाश्रमात जागा धरली होती. परवा न्यायचं ठरलं होतं.

"डोकं बिघडलं असेल तर मी स्वतःच्या पायांनी जाईन," अप्पा म्हणाले. "पण ते मला कळायला हवं. रोज तिच्या खुर्चीसमोर बसतो आणि मला तिचीच खात्री वाटेनाशी झाली आहे."

कंपाउंडरांच्या घरी अशी खुर्ची नव्हती. पण बसून राहणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि मघाच्या विचाराची त्यांना थोडी लाज वाटली.

दुपारच्या आत दोघं अप्पांच्या घरी पोचली. खोली लहान, नीटनेटकी. खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाईंनी शाल आणि उशी उन्हात शेजारी शेजारी धरली. उशी गडद वांगी, लालसर झाक असलेली. शाल खरंच करडी दिसत होती.

"कंपाउंडर, काय दिसतं?"

"उशी छान आहे. शाल विटली आहे."

"दोन्ही?"

"नाही हो, फक्त शाल." यात विचारण्यासारखं काय आहे ते कंपाउंडरांना कळलं नाही. बाई मात्र खूश दिसल्या.

खुर्चीच्या वर भिंतीवर लावलेला दिवा पाहायला त्या स्टुलावर चढल्या. दिव्याच्या बुडावर बारीक छापलेलं बघून त्यांनी तोंडाने नुसतं 'हं' केलं. आधीचा पिवळा बल्ब खालच्या खणात कापडात गुंडाळलेला सापडला. तो त्यांनी पिशवीत टाकला.

मग बाईंनी एकेकीला बोलतं केलं. पहिली सून. ती बोलायला फटकळ होती, पण मनात ठेवून बोलणारी नव्हती. शाल धुवायला तिने कधीच घेतली नव्हती, सासऱ्यांनी हात लावू दिला असता तर ना. ऑपरेशनच्या वेळी ती आणि नवरा दवाखान्यात, घरी फक्त नणंद. वृद्धाश्रमाचं विचारल्यावर तिचा आवाज खाली आला. "अहो, ते शालीशी भांडतात. मी दिवसभर कामावर. काही झालं तर लोक मलाच नावं ठेवतील." विणकाम येतं का, या प्रश्नावर तिला हसूच आलं, बटण लावायचं तरी ती शिंप्याकडे जायची.

दुसरी शेजारीण. तिने शाल हातात घेऊन काठ उलटून पाहिला. हा पिळाचा काठ अप्पांच्या बायकोचा खास, म्हणाली. "तिने तो दोघींनाच शिकवला होता, एक मला आणि एक तिच्या लेकीला." मग तिने आपले हात पुढे केले. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. "सुया सुटून दोन वर्षं झाली. ती होती तोवर रोज यायची, माझ्यासमोर बसून विणायची. आता कोण येतं?"

तिसरी अप्पांची धाकटी मुलगी. ती दुसऱ्या शहरात एकटी राहायची, संग्रहालयांची आणि मोठ्या दुकानांची प्रकाशयोजना करायची. थोरल्या भावाने बोलावलं म्हणून ती काल आली होती. ती दारापाशी उभी राहिली, आत येऊन बसली नाही.

"हा दिवा तुम्ही बसवला?" बाईंनी विचारलं.

"हो. ऑपरेशन झालं तेव्हा. डोळ्यांना बरा म्हणून."

"दिवा म्हणजे दिवा," कंपाउंडर म्हणाले. "एक पिवळा असतो, एक पांढरा."

धाकटी पहिल्यांदाच मोकळी झाली. पिवळा की पांढरा हे झालं उजेडाचं तापमान, तिने सांगितलं. पण दोन दिवे सारखेच पिवळे दिसले तरी त्यांच्या उजेडात वस्तूचे रंग सारखे दिसतीलच असं नाही. ते वेगळं मोजतात, शंभरापैकी. स्वस्त दिव्यात लाल रंग मरतो, चेहरेसुद्धा आजारी दिसतात. "संग्रहालयात पंचाण्णवच्या खाली मी दिवा लावू देत नाही," ती म्हणाली, आणि एकाएकी थांबली. इतका वेळ तिने शालीकडे पाहिलं नव्हतं हे कंपाउंडरांनी पाहिलं, पण त्यांना वाटलं, आईची वस्तू, बघवत नसेल.

बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. पडदा लावला, दिवा लावला. शाल आणि उशी एकाच रंगाच्या झाल्या. सुनेच्या तोंडून 'अय्या' निघून गेलं.

"अप्पा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे," बाई म्हणाल्या. "आणि डोळाही. डोळा बिघडला असता तर उशीचाही रंग बदलला असता. शिवाय कंपाउंडरांचं ऑपरेशन झालेलं नाही, आणि त्यांनाही तेच दिसलं. ही शाल दुसरी आहे. हिच्या रंगात लाल कमी आहे."

"मग आत्ता?" सुनेने विचारलं.

"आत्ता या उजेडात लाल दिसतच नाही. उशीचंही नाही. म्हणून दोघी सारख्या." बाईंनी दिवा बंद करून जुना बल्ब लावला. उशी लालसर वांगी झाली, शाल मागे करडी राहिली. "उन्हात वेगळी, जुन्या बल्बखाली वेगळी. जगात एकाच दिव्याखाली ही शाल खपते, आणि तो दिवा ती आली त्याच दिवसांत या घरात आला. दिव्याखाली शाल आली नाही, अप्पा. शालीसाठी दिवा आणला गेला."

कंपाउंडरांना अजून उलगडत नव्हतं. "पण बसवणाऱ्याला तो चांगला वाटला असेल."

"त्याच्या बुडावर सत्तर छापलं आहे. पंचाण्णवच्या खाली दिवा लावू न देणारी मुलगी, नुकतं ऑपरेशन झालेल्या बापासाठी सत्तरचा निवडेल? हा काठ विणता येणाऱ्या दोघीच. त्यांपैकी एकीची बोटं वाकत नाहीत. घरात एकटी कोण होती, ते वहिनींनी सांगितलंच आहे."

सगळे धाकटीकडे पाहू लागले. ती भिंतीला टेकली.

"आईने मला त्याच लोकरीची टोपी केली होती," ती म्हणाली. "तिच्याशी रंग जुळवून मी ही शाल विणली. रोज कामावरून आल्यावर, माझ्या खोलीत. घरमालकाने लावलेला भिकार दिवा आहे तिथे. मी लोकांचे दिवाणखाने उजळते, पण स्वतःच्या खोलीतला दिवा बदलावा असं कधी वाटलंच नाही. कुणाला बघायचा होता उजेड? इथे आणून या बल्बखाली धरली, तेव्हा कळलं. ऑपरेशन तोंडावर आलं होतं, दुसरी विणायला वेळ नव्हता. मग पुढच्या फेरीला तोच दिवा काढून आणला."

"लोकर बदलता येईना, म्हणून उजेड बदललात," बाई म्हणाल्या. "आणि पडदे बंद होते, त्यामुळे खिडकीचा विचारच आला नाही."

"मी खिडक्या नसलेल्या खोल्यांतच काम करते."

"ते ठीक. पण घरचे तुमच्या वडिलांना वेडे ठरवत होते, तेव्हा तुम्ही गप्प बसलात. चोरीपेक्षा मला ते वाईट वाटतं."

धाकटीने मान खाली घातली. आज सांगू, उद्या सांगू, म्हणत होते, एवढंच ती पुटपुटली. सुनेने काही बोलायला तोंड उघडलं, पण अप्पांनी हात वर केला.

"आधी दादाला फोन कर," ते म्हणाले. "माझ्यादेखत."

तिने केला. शाल मी नेली, अप्पांना काही झालेलं नाही, परवा कुठेही न्यायचं नाही, इतकं तिने रडत रडत सांगितलं. पलीकडे भाऊ इतका मोठ्याने रडला की खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर अप्पांनी विचारलं, "मागितली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

अप्पांनी खरोखर विचार केला. "हो," ते म्हणाले. "नाहीच म्हणालो असतो."

बाईंनी पिशवी उचलली. कंपाउंडरही निघाले, पण मागून अप्पांचा आवाज आला आणि त्यांचा पाय दारातच अडखळला.

"तिचा वास आहे का गं त्या शालीला अजून?"

खोटं बोलावं की नाही हे धाकटीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नाही," ती अखेर म्हणाली. "आता माझ्या खोलीचाच येतो. मी नेली म्हणून गेला, अप्पा."

"तू नेलीस म्हणून नाही. इथे होती तेव्हाच गेला होता. एका सकाळी पाहिलं, तर नव्हता. मी कुणाला बोललो नाही."

धाकटी येऊन त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. कंपाउंडरांनी दार हलक्या हाताने ओढून घेतलं.