शेवंडी छताला का लटकल्या?

"मेल्या! आणखी मेल्या!"

खल्फानकाकांनी पिंजरा धक्क्यावर आदळला. शमसाच्या पायांवर गार, कुजक्या वासाचं पाणी उडालं. ईदच्या सुट्टीत व्यापाऱ्याची गाडी येत नाही, म्हणून काका दरवर्षी पकडलेल्या शेवंडी, म्हणजे लांब मिश्यांचे मोठे समुद्री झिंगे, पिंजऱ्यात घालून धक्क्याखाली जिवंत ठेवायचे. यंदा मात्र काल संध्याकाळपासून त्या पटापट मरत होत्या.

"हे त्या जुमाचंच काम!" काका गरजले. "त्याची नाव शेजारी बांधलेली, तिचं डिझेल गळतंय! त्याला सांगा, त्याच्या मटणाचं गाठोडं आज माझ्या भट्टीत पडणार नाही!"

जुमाकाकांचा मसूद तिथंच उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला. आजोबांच्या वेळेपासून ईदेला दोन्ही घरांचा शुवा, म्हणजे मसाला लावून गाठोड्यात बांधलेलं मटण, काकांच्या अंगणातल्या एकाच खड्ड्यात, एकाच निखाऱ्यावर शिजत आला होता. आज संध्याकाळी जुमाकाकांच्या गाठोड्याशिवाय खड्डा मातीनं लिंपला, की झालं! मग ईदच काय, दोन्ही घरांचं बोलणंही संपलं.

शमसा वाकून पिंजऱ्यात बघत होती. "काका, मेलेल्या सगळ्या खाली आहेत. जिवंत आहेत त्या बघा, छताच्या जाळीला लटकल्यात!"

"मग? त्यांना काय झोका घ्यायचा असेल!"

"अहो, पण—"

"लहान तोंडी मोठा घास नको! आता मी पिंजरा पार तळाला सोडतो. खोल पाणी गार, गार पाण्यात माल टिकतो. आमचे वडील तेच करायचे!" मेलेल्या काढून टाकून, पिंजरा तळाला सोडून काका तरातरा निघूनसुद्धा गेले.

शमसानं कपाळावर हात मारून घेतला. "या मोठ्या माणसांना काही विचारायचीच सोय नाही!"

"छतावर काय गंमत आहे?" तिचा चुलतभाऊ गैथ म्हणाला. "आणि हे खेकडे बघ! दोरावर चढून उन्हात बसलेत! यांना कुणी आमंत्रण दिलं?"

खरंच की! खेकडे पाण्याबाहेर, आणि धक्क्याच्या कडेला मासे तोंडं वर काढून घुटके घेत होते. पाणी गेले आठ-दहा दिवस हिरवंगार झालं होतं, पण त्यात डिझेलचा तवंग कुठंच नव्हता.

"मसूद, बुडी मारतोस?"

मसूद गेला आणि नाक मुरडत वर आला. "शी! तळाला सडक्या अंड्यांचा वास मारतोय! हिरवा चिखल नुसता. शिंपल्या घट्ट मिटलेल्या. फक्त लाल लाल किडे चिखलातून मान काढून मजेत डुलताहेत."

"मजेत?" गैथ वैतागला. "शेवंडी मरतात आणि किडे डुलतात? हा कुठला न्याय!"

शमसाची ट्यूब पेटली. "अरे, हे पाण्यातलं हिरवं शेवाळ मरून खाली पडतं आणि कुजतं! कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. किड्यांच्या लाल रक्तात थोडासा प्राणवायूही धरून ठेवता येतो, आणि ते धावपळही करत नाहीत, म्हणून निभतं. शिंपली दार लावून थांबते. खेकडा वर चढतो. शेवंडीही चढल्या, पण वर छत! काका त्यांना खाली खाली ढकलताहेत!"

"मग सांग ना त्यांना!"

"सांगून ऐकतील ते काका कसले? करूनच दाखवायचं!"

दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं. तिघांनी दम खात पिंजरा वर ओढला आणि पाण्याच्या जेमतेम हातभर खाली बांधला. उरलेला दोर उन्हात गुंडाळून ठेवला.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज आटोपून काका धक्क्यावर आले, तर गैथनं पिंजरा आधीच वर काढून ठेवलेला. शेवंडी मिश्या हलवत होत्या. आणखी एकही मेली नव्हती!

"बघितलंत? बघितलंत?" काकांची छाती फुगली. "पार तळाला सोडला ना, म्हणून! मी म्हणत नव्हतो?"

शमसाला हसावं की रडावं कळेना. "काका, जरा दोराला हात लावा."

काकांनी हात लावला. टोकाचा हातभर दोर ओला, बाकी सगळा खडखडीत वाळलेला. त्यांचा हात तिथंच थांबला.

"पिंजरा अख्खी दुपार वर होता," शमसा म्हणाली. "तळाला श्वासच नाही, काका! आणि जुमाकाकांची नाव शेजारीच होती. डिझेल तरंगतं. ते गळत असतं, तर वरच्याच आधी मेल्या असत्या. या वरच तर जगल्या!"

काका दोर चाचपत पुटपुटले, "म्हणजे मीच मारल्या. आणि जुमाला उगाच..." चप्पल घालायलाही न थांबता ते सरळ जुमाकाकांच्या घराकडे चालू लागले.

थोड्या वेळानं गल्लीतून वरात आली. पुढं खांद्यावर मसाल्यानं माखलेलं गाठोडं घेतलेले काका, मागं जुमाकाका.

"पोरीनं आज माझी लाज राखली," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "सकाळी मी हिचं ऐकलं नाही; हिनं पिंजरा वर घेतला नसता, तर उरलेला मालही गेला असता. या तिघांना शुव्याचा पहिला वाटा!"

मसूद कानापर्यंत हसला. काका खड्ड्याशी वाकले आणि गाठोडं थेट निखाऱ्यांवर ठेवू लागले.

"अरे अरे, तळाला नको रे बाबा!" जुमाकाका ओरडले. "तू तळाला ठेवलेलं काही धड राहत नाही!"

सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसले, आणि त्यांनी गाठोडं मुकाट्यानं सगळ्यांत वर ठेवलं.