बिनकामाचा चमचा

दुपारी सव्वाचार वाजता तिचा कोड पुन्हा अडला. शेजारच्या टेबलावरच्या त्याला सहा वाजायच्या आत बदलीला होकार किंवा नकार कळवायचा होता. दोघंही आपापल्या पडद्याकडे बघत बसली होती.

"अशी डोळे वटारून बघू नकोस, घाबरेल बिचारा कॉम्प्युटर," तो म्हणाला.

"एकाच नावाच्या दोन मेथड लिहिल्यात. एक नावांची यादी घेते, दुसरी आकड्यांची. कंपायलर तपासतो आणि म्हणतो, दोन्ही एकच!"

तो खुर्ची सरकवत जवळ आला. "त्याच्या लेखी एकच. यादीत काय भरलंय हे सांगणारी चिठ्ठी तो आधीच सोलून टाकतो... उरतात दोन कोरे डबे. कुठला कुणाचा, कसं कळणार?"

"मग?"

"एकीचं नाव बदल."

"छे! नाव हेच हवं."

"हट्टी आहेस." तो हसला. "मग एकीला घ्यायला आणखी एक गोष्ट दे, जास्तीचा पॅरामीटर. आत कुठे वापरायचा नाही. नुसती ओळख पटण्यापुरता."

तिने तसं केलं. चूक दाखवणारी लाल रेघ विरघळली. खिडकीतलं पिवळं ऊन कीबोर्डवर उतरलं होतं, त्याची बाही तिच्या मनगटाला हलकेच लागत होती. कुणीच हात मागे घेतला नाही.

अख्ख्या टीमची कॉफी रोज तोच आणायचा. सगळे कप पांढरे, सारखे. तिच्या कपात मात्र चमचा असायचा. विसरभोळा आहे झालं, असं म्हणून ती तो पेनांच्या स्टँडमध्ये खोचून ठेवायची. आता तिने स्टँडकडे पाहिलं. पेनांपेक्षा चमचेच जास्त झाले होते.

"मी साखर घेत नाही," ती हळूच म्हणाली.

"माहितीये."

"मग चमचा—"

"सारखेच दिसतात ना सगळे कप..." त्याचे कान लाल झाले होते.

तिने त्याच्या पडद्याकडे पाहिलं.

"बदलीचं कळवलंस?"

"नाही अजून. आई म्हणते, ताईच्या शहरात जागा मिळतेय, तर जा. नको म्हणायला काहीतरी कारण तर हवं... काय सांगू?"

त्याच्या कपात साखरेचा चमचा होताच. तिने स्टँडमधून आणखी एक काढला आणि त्याच्याशेजारी उभा केला.

पावणेसहाला तो बदलीचं कळवायला फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेपलीकडून त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. कप त्याने सोबत नेला होता, दोन्ही चमच्यांसकट.