सातवा बोअर

दरीपलीकडच्या डोंगरावर नव्या पुलाचा शेवटचा खांब जिथे उभा राहणार, ती जागा दगडावर कोरून पक्की करायची, एवढ्यासाठी तिघं निघाली होती: पुलाची इंजिनिअर, तिचा भूगर्भतज्ज्ञ थोरला भाऊ आणि एक म्हातारा सर्व्हेअर. रानात कधी वाट चुकला नाही म्हणून त्याला सगळे ‘होकायंत्र’ म्हणत.

गेले आठ महिने तिनं तो पूल कॉम्प्युटरवर उभा केला होता. वादळ, पूर, भूकंप, भरलेल्या ट्रकांची रांग, सारं काही सॉफ्टवेअरमधून त्याच्या अंगावर सोडून पाहिलं. पूल जागचा हलला नाही! कारण पलीकडे वीतभर मातीखालीच अखंड खडक होता. दादानंच तिथे यंत्र नेऊन खडक तपासायला सात बोअर घेतले होते. आकडे त्याचेच.

“स्क्रीनवर सगळं दिसतंय ना? मग कशाला जिवावर उदार होतेस?” नदीकाठी तो तिसऱ्यांदा म्हणाला.

“स्क्रीनवर तू दिलेलंच दिसतं, दादा,” ती हसली आणि पाण्यात उतरली.

पाणी छातीला लागलं. प्रवाहानं होकायंत्राचे पाय उचलले. तिनं त्याची कॉलर पकडली. दोघं गटांगळ्या खात कशीबशी पलीकडे लागली! मागोमाग दादाही आला. मग झाडांच्या मुळांना धरत, घसरत, धापा टाकत चार तासांची उभी चढण.

माथ्याखाली उपग्रहाच्या खुणेवर चालणारं यंत्र वाजलं. शेवटच्या खांबाची, सातव्या बोअरची जागा हीच! पण ना बोअरचा पाइप, ना त्यावरचं सिमेंटचं झाकण. नुसतं गवत.

“ताई, हे यंत्र चुकलं तर बोटभर चुकेल,” होकायंत्र हळूच म्हणाला.

तिनं लोखंडी सळई जमिनीत रोवली. लोण्यात सुरी जावी तशी ती दोन हात आत गेली. ती दादाकडे वळली, तोच पायाखाली चर्र झालं.

“पळा!”

उतार सुटला! माती, झाडं, धोंडे खाली धावले. दादा कमरेपर्यंत गाडला जात घसरत चालला. तिनं झाडाला मिठी मारून त्याचं मनगट धरलं. होकायंत्रानं तिला धरलं. खांदा निखळतोय असं वाटलं, पण तिनं सोडलं नाही.

सगळं शांत झालं तेव्हा दादा चिखलात बसून होता.

“बोअरचं यंत्र नदी ओलांडूच शकलं नाही,” तो पुटपुटला. “अलीकडच्या काठाचेच आकडे थोडे फिरवून दिले. वाटलं, खडक तोच असणार.”

“सातही?”

“सातही. कुणाला सांगू नकोस. सख्खा भाऊ आहे मी तुझा.”

“म्हणूनच तर मी आकडे तपासले नव्हते!”

तिनं पाठीवरच्या जलरोधक पिशवीतला लॅपटॉप उघडला, स्क्रीनवरचा खडक पुसून तिथे भुसभुशीत माती भरली आणि हिशेब पुन्हा चालवला. खांब हातभर खचला. पूल मधोमध लाल झाला, म्हणजे मोडला. आठ महिने ती बिनपायाच्या पुलावर प्रेम करत होती. या जागी आता पूल होणार नव्हता.

होकायंत्रानं मेणकापडात गुंडाळलेली वही काढली. “जागा रद्द. कारण काय लिहू?”

“खरं ते. बोअर घेतलेच नाहीत. ते कुणी घ्यायचे होते, तेही लिहा.”

त्यानं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. “ताई, आडनाव... तुमचंच आहे.”

तिनं दादाकडे पाहिलं नाही.

“तेच लिहा.”