यूपीएसवरचा दिवा

फुलंब्रीच्या अलीकडं, डांबरी सोडून आत गेलं की कडुबाचं अंडी उबवायचं शेड लागतं. चार भिंती, वर पत्रा, खिडकी एक बी नाय. दार लावलं की भरदुपारी बी आपला हात आपल्याला दिसत नाय. उबलेल्या अंड्यांचा वास तर असा, की सदरा काढून फेकला तरी अंगाचा सुटत नाय.

त्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरवाला उजैर शहरातून नवा यूपीएस घेऊन आला, तवा कडुबाचं डोकं आधीच तापलेलं होतं. थोरला भाऊ अप्पाराव याच शेडात गेला होता. लाईट गेली म्हणून जनरेटरची दोरी ओढायला पळाला अन् उबवणीच्या पेटीपुढंच कोसळला. दहावा अजून व्हायचा होता. पेटीतली अंडी त्यानंच मांडलेली. मालनवहिनीच्या पोटाला आता तेवढाच आधार. आज अंड्यांना टोचा पडल्या होत्या. पिल्लं आतून कवच फोडत होती. अशा वक्ताला गारठली तर कवचातच मरणार. अन् जनरेटर तर अप्पारावसंगंच मेलं होतं.

"उरक की रं," कडुबा खेकसला. "लाईट काय तुझी वाट बघत बसंल?"

"थोडा दम धरो ना भाऊ," उजैर हसला. "ही यूएसबीची वायर पेटी सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला लावली. आता तुमच्या लिनक्सला सगळं कळंल. बॅटरी किती उरली, लोड किती हाय. संपत आली की तो सोताहून नीट बंद होईल."

"बंद व्हायला आणलाय व्हय रं मी त्याला?"

"आधी नुसत्या कॉम्प्युटरवर बघू. हीटर मागून लावू."

उजैरनं यूपीएसची पिन भिंतीतून काढली. स्क्रीनवर आलं, बॅटरीवर चालू. खाली लोडचा आकडा. तो बघून उजैरचं हसू गेलं.

"इतका लोड? और क्या लगाया इसपे?"

यूपीएसच्या मागं एक झिरोचा बल्ब लावलेला होता. माणूस गेला त्या जागी दहाव्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नसतो. पण पेटीच्या पंख्याचा वारा पणती टिकू देईना. वहिनी यायची, वात लावायची, पाठ फिरली की विझायची. शेवटी आज यूपीएस आल्या आल्या कडुबानं चिडून पणती कोपऱ्यात सारली अन् बल्बची वायर यूपीएसला जोडून टाकली. दिवा त्यो दिवा. ह्यो तर लाईट गेली तरी विझायचा नाय.

"बल्बला इतका लोड लागत नाय, भाऊ..."

"मग काढतो ना! झालं समाधान?"

कडुबानं बल्ब उपटला. शेडात उजेड म्हणून तेवढाच होता. उरला फक्त स्क्रीनचा निळा डाग.

लोड उतरला नाय. चढला. मग सावकाश उतरला... परत चढला. निजलेल्या माणसाची छाती हलावी तसा.

उजैरनं घाईघाईनं पिन परत भिंतीत घातली. काहीच झालं नाय. पेटीचे पंखे घरघरत थांबले. गावचीच लाईट गेली होती.

मग शेड असं गप झालं की कवचावरच्या चोची ऐकू यायला लागल्या. टक... टक... पार हळू. काही तर थांबल्याच.

"हीटर लाव!"

"लावला की लगेच बसंल, भाऊ. बघा... बॅटरी संपली म्हणतोय. बंद व्हायला लागलाय."

"थांबव त्याला! तूच शिकवलं ना त्याला बंद व्हायचं, भाड्या!"

कडुबानं यूपीएसवर थापा मारल्या. मग तेच हात जोडले. कुणापुढं, ते त्याला बी कळंना.

"मरतील रं ती... अप्पा... मरतील..."

दार करकरलं. मालनवहिनी उभी होती, हातात तेलाची वाटी.

"भाऊजी," ती हळूच बोलली, "दिवा कुणी काढला?"

"म्या."

"मग ते अंधारात बसलेत..."

कडुबानं चाचपडत पणती ओढली. वहिनीनं तेल ओतलं, अर्धं भुईवर सांडलं. काडी ओढली, विझली. दुसरी विझली. "चुकलं, अप्पा. घे उजेड... पर हे सोड. तुझ्या घरचंच हाय हे..."

तिसरी काडी धरली. पणती लागली.

लोड शून्यावर आला. बंद होणारा कॉम्प्युटर तिथंच थबकला. मग बॅटरीचा आकडा चढायला लागला.

"लाईन तो बंद है..." उजैरनं आकड्यावर बोट ठेवलं. "फिर चार्ज कहाँ से होरा?"

कडुबानं हीटरची पिन यूपीएसमधी घातली. पेटी तापली. टकटक वाढली, वाढतच गेली, अन् कवचं तडतड फुटायला लागली.

"निघाली! वहिनी, निघाली!" कडुबा रडत हसत होता. त्यानं पेटीचं दार ओढलं.

चिवचिव नव्हती.

ट्रे भरून ओली पिल्लं. असल्या पिल्लाला मान बी धरता येत नाय. पण समद्यांच्या माना ताठ होत्या. एकाची बी चोच उघडत नव्हती. समदी कडुबाकडं बघत होती. कडुबा एका अंगाला सरकला. माना बी सरकल्या. उजैर मागं मागं जात दाराला टेकला, त्याच्याकडं एकानं बी बघितलं नाय.

मालनवहिनीनं वाटी खाली ठेवली. घरधनी दारात आला की बाईमाणूस घेती तसा तिनं पेटीपुढं सावकाश डोक्यावरून पदर घेतला, अन् नजर खाली केली.