गौरीचा पाचवा खडा

तोंडात पाण्याची चूळ धरलेली असताना कुणी आपल्या वाटेत येऊ नये. बोलता येत नाही, हसता येत नाही, आणि मागे वळून बघायचीही बंदी!

पण पासष्ट सालच्या भाद्रपदात माझ्या बाबतीत नेमकं तसंच झालं. सीमेवर लढाई पेटली होती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोफांच्या फॅक्टरीत दिवसरात्र पाळ्या चालू होत्या. आमच्या घरी मात्र आईच्या नेमाप्रमाणे खड्याच्या गौरी यायच्या होत्या. आम्ही मूळचे कोकणातले. जबलपुरात कांचघर वस्तीत येऊन दोन पिढ्या झाल्या, भाषा बदलली, जेवणाची चव बदलली, पण हा नेम काही सुटला नव्हता. घरच्या मुलीने पाण्यावर जायचं, पाच खडे वेचायचे, तोंडात चूळ धरायची आणि एका हातात ताम्हन, दुसऱ्या हातात घंटा घेऊन मुक्याने घरी यायचं. मुक्याने! आणि मी!

"अंजनी, वर्षातून तेवढाच वेळ घरात शांतता असते," असं अण्णा म्हणायचे.

टेकडीखालच्या नाल्यावरून मी परत निघाले होते. पाऊस अगदी भुरभुर... समोरून एक उंच तरुण आला. खांद्याला खाकी पिशवी, हातात हातोडी, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ताम्हनाकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबला.

"हा पाचवा दगड... कुठे मिळाला जी तुम्हाला?"

मी काय सांगणार? घंटा वाजवली.

"सांगा न! काहून बोलून नाही राहिल्या?"

मी पुन्हा घंटा वाजवली, जरा रागानेच. त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. "अच्छा... बोलता येत नाही वाटतं," तो हळूच स्वतःशी म्हणाला. आणि मग, काय सांगू, भर रस्त्यात त्याने हातवारे सुरू केले! बोटाने दगड दाखवला, दोन्ही हात हवेत फिरवून 'कुठून?' म्हणून विचारलं, वर डोळे मोठे करून मान हलवली. हसू दाबता दाबता पाणी माझ्या नाकात गेलं. मी तरातरा चालायला लागले. मागे वळून बघायचं नव्हतं, पण चिखलाच्या बुटांचा फचफच आवाज दारापर्यंत माझ्या मागे येत होता.

आईने माझ्या पायांवर दूधपाणी घातलं आणि नेहमीसारखं विचारलं, "गौर आली, काय घेऊन आली?"

मी बाजूला चूळ टाकली. "सोनं-रुपं घेऊन आली! आणि आई, मागे एक गृहस्थ आलेत. त्यांना विचार, पूजेच्या दगडांवर डोळा ठेवणारी माणसं कुठल्या गावची असतात?"

तो आ वासून बघत राहिला. "तुम्ही... बोलता?"

"थांबत नाही," अण्णा आतून म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "या. पण ती हातोडी बाहेर ठेवा."

त्याचं नाव पुंडलिक. नागपूरचा. इथे भूगर्भशास्त्रात संशोधन करत होता, चेरीतालला खोली घेऊन राहत होता. त्याच्या घरी गौरी म्हणजे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या. खड्यांचा हा प्रकार त्याने कधी पाहिला नव्हता.

"नाव पुंडलिक, आणि नाद दगडांचा," अण्णा म्हणाले. "विटेवर भागलं असतं की हो!"

दुसऱ्या दिवशी तो गौरीच्या दर्शनाला आला. दर्शन कुणाचं, ते आईच्या लक्षात आलं असावं, कारण तिने त्याच्या पानात घावन-घाटलं जरा जास्तच वाढलं. पाचव्या खड्यात एक चिमुकली गोगलगाय होती, दगड होऊन बसलेली. मला ती नक्षी वाटली होती.

"टेकडीच्या पायाशी पांढरा चुनखडक आहे न," पुंडलिक सांगू लागला, "त्यात अजस्र प्राण्यांची हाडं सापडतात. वर काळा खडक, म्हणजे थिजलेला लाव्हा. या सगळ्यात कुठेतरी एक युग संपलं आणि दुसरं लागलं. ती रेघ कुठे मारायची, ते मी शोधून राहिलो. जुने जीव कुठे संपले, नवे कुठे दिसायला लागले, त्यावरून ठरतं ते."

"मग मिळाली की गोगलगाय. मारा रेघ."

"सुट्या दगडाचा काय उपयोग? त्याला पत्ता नसतो. तो कोणत्या थरातून निघाला, ते पाहिजे." त्याने घावनाचा तुकडा मोडला. "थर सापडला तर मी जबलपुरात राहीन. नाही तर सरांनी छिंदवाड्याकडे जायला सांगितलंय. आणि लढाईमुळे टेकडीच्या वरच्या अंगाला आता लष्कराचं तारेचं कुंपण पडलं."

मी घाटल्यात उगाच चमचा फिरवत बसले. तो थर मला हवा होता... त्याला हवा होता त्याहून थोडा जास्तच.

विसर्जनाला माझी वहिनी बरोबर आली, जवानांसाठी विणायला घेतलेला स्वेटर हातात घेऊन. पाचही खडे मी पाण्यात सोडले. मग वहिनी दगडावर विणत बसली आणि आम्ही दोघं नाल्याच्या काठाने वर निघालो. गोगलगायीचे दगड एका वळणापर्यंत सापडत गेले, पुढे नाहीत.

"म्हणजे इथूनच पडतात," तो म्हणाला.

"दगडांत तुम्हाला एवढं काय आवडतं हो?"

"गप्प असतात."

"मग माझ्याशी कसं जमायचं?"

"पहिल्या दिवशी जमलं होतं न..." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

वळणावरच्या दरडीत खरंच थर होता! खाली पांढरा चुनखडक, मधे बोटभर लाल माती आणि वर गोगलगायींची लादी. त्याने खडकावर तेजाबाचा थेंब टाकला, बुडबुडे फसफसले. खिशातून खडू काढून त्याने रेघ ओढली. हाडांच्या चुनखडकावर थेट गोगलगायी, मधे काळा खडक नाहीच, म्हणजे युगाची रेघ इथेच! त्याचे डोळे नुसते चमकत होते.

"मधली माती मी नेते," मी म्हणाले. मी मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे.

"काय गरज? डोळ्यांना दिसून राहिलं की."

"डोळ्यांना मी मुकीसुद्धा दिसले होते."

ती माती मी तपासली नसती तर किती बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं. तिच्यात चुना नावालाही नव्हता. लोखंड मात्र खच्चून. पुन्हा करून बघितलं, तेच. माती वरच्या काळ्या खडकाची होती, पावसापाण्याने झिजून आलेली. वरची माती लादीच्या खाली, म्हणजे गोगलगायींची ती लादीही तिथली नव्हतीच. त्या मातीवर घसरतच ती वरून खाली आली होती. तिची खरी जागा वर, कुंपणाच्या आत.

गप्प बसले असते तर तो राहिला असता. मी! जिला कधी गप्प बसता येत नाही, तिला त्या दिवशी गप्प बसावंसं फार वाटलं.

संध्याकाळी तो ओसरीवर आला. ब्लॅकआउटसाठी वहिनी खिडक्यांना काळे कागद चिकटवत होती. मी सगळं सांगून टाकलं.

त्याने खाली मान घालून ऐकलं. "तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलं नसतं."

"हो. आणि तुम्ही थांबला असता." त्याने वर बघितलं, काहीतरी म्हणायला ओठ उघडले... आणि मिटून घेतले. दगडच मेला! दोन दिवसांनी छोट्या रुळांच्या गाडीने तो छिंदवाड्याला गेला.

मधूनमधून त्याचं कार्ड येई. 'प्रकृती ठीक. थर नाही.' वहिनी म्हणे, "धीर धर गं, दगडालाही पाझर फुटतो." मी कार्ड वाचून चिडायची आणि पुढच्याची वाट बघायची.

वर्ष गेलं. लढाई संपली होती. पुन्हा गौरी आल्या आणि पुन्हा मी नाल्यावरून निघाले, ताम्हन, घंटा, चूळ सगळं सांभाळत. मागून बुटांचा आवाज आला. फच, फच. माझ्या हातातली घंटा उगीचच वाजली.

"वळू नका," तो म्हणाला. "नेम मोडेल. मी बोलतो, तुम्ही चाला. थर सापडला. काल. कुंपण निघालं, तसा सरळ वरच चढलो. दोन काळ्या खडकांच्या मधे, जागच्या जागी. तुम्ही म्हटलं होतं तसंच."

मी चालत होते. पाय कुठे पडत होते, ते मात्र कळत नव्हतं.

"आता काम इथेच आहे. पण थर नसता सापडला, तरी मी आलो असतो. तुम्ही मला फार आवडता, अंजनी. त्या दिवशी ओसरीवरच सांगायचं होतं... पण ज्याची रेघच चुकली, त्यानं काय तोंडानं मागावं?" बूट थबकले, पुन्हा चालू लागले. "लग्न कराल माझ्याशी? नाही म्हणायचं असेल तर आत्ताच बोला. मागच्या वर्षी बोलून मला घालवलंत, या वर्षी न बोलून ठेवून घ्या."

समोर आमचं दार दिसत होतं. गौरीची शपथ घेऊन सांगते, मी गप्प राहिले ती नेमासाठी नव्हे.

आईने पायांवर दूधपाणी घातलं. माझ्या मागे कोण उभं आहे, ते तिने बघितलं. तरी तिने नेहमीसारखंच विचारलं, "गौर आली, काय घेऊन आली?"

मी चूळ टाकली.

"जावई," मी म्हणाले.

आत खुर्ची करकरली. अण्णा दारात आले, त्याच्या बुटांकडे बघितलं, हातोडीकडे बघितलं.

"पुंडलिकराव, या," ते म्हणाले. "आज हातोडी आत आणलीत तरी चालेल."